मूर्तीवरचा मालकीहक्क

चाहत्यांच्या वेडाविषयी एक समजूत आपल्याकडे इतकी घट्ट बसली आहे की ती तपासून पाहावी असे सहसा कुणाला वाटत नाही. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्यावर एखादा माणूस जीव ओवाळून टाकतो, कारण त्याचे प्रेम प्रमाणाबाहेर गेलेले असते आणि समज कमी पडलेली असते, अशी ती समजूत. मग उपायही सोपा वाटतो. पडद्यावरचा माणूस प्रत्यक्षात कसा आहे ते दाखवा, वेड आपोआप उतरेल. हृषीकेश मुखर्जींचा १९७१चा 'गुड्डी' याच विश्वासावर उभा आहे. धर्मेंद्रच्या प्रेमात पडलेल्या शाळकरी मुलीला स्टुडिओत नेतात, तिथली खोटी मारामारी, थकलेले कामगार आणि पडद्यामागचे कष्ट दाखवतात आणि ती भानावर येते. चित्रपट म्हणून 'गुड्डी' मला फार आवडतो. पण त्यातला उपचार खऱ्या आयुष्यात क्वचितच लागू पडतो, कारण त्यातले निदानच वरवरचे आहे.

माझे म्हणणे असे : मूर्तिपूजेचे वेड अज्ञानातून येत नाही आणि ते प्रेमाचा अतिरेकही नसते. मूर्ती घडते ती भक्ताने तिच्यासाठी काय काय खर्च केले यातून. वेळ, पैसा, झोप, घरच्यांशी घेतलेली भांडणे हे सगळे त्यात ओतलेले असते आणि एवढे ओतल्यावर माणूस स्वतःला भक्त म्हणवत असला तरी मनातून मालक झालेला असतो. समोरच्या व्यक्तीला स्वतःची इच्छा आहे असे दिसले की या मालकीला धक्का बसतो आणि कालची पूजा आज शिवीगाळ होते. जगातल्या मोठ्या कादंबऱ्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. समाजमाध्यमांवर खापर फोडण्याआधी त्या पुन्हा वाचायला हव्यात.

१. न पाहता मान्य करा

सेर्व्हांतेसच्या 'दोन किहोते'चा पहिला भाग १६०५मध्ये आला. त्याच्या चौथ्याच प्रकरणात एक प्रसंग आहे. तोलेदोचे काही व्यापारी रेशीम खरेदीसाठी मुर्सियाकडे निघालेले असतात. वीरगाथा वाचून स्वतःला सरदार समजू लागलेला किहोते त्यांची वाट अडवून सांगतो की आपली आराध्य दुल्सिनेया ही जगातली सर्वांत सुंदर स्त्री आहे, हे कबूल केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्यांच्यातला एक थट्टेखोर व्यापारी म्हणतो, बाईसाहेबांचे गव्हाच्या दाण्याएवढे का होईना चित्र दाखवा, म्हणजे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करू. यावर किहोतेचे उत्तर असे की चित्र दाखवल्यावर मान्य केलेत तर त्यात तुमचे पुण्य ते काय? न पाहता मानायचे, शपथ घ्यायची आणि त्यासाठी लढायचेही. मग तो भाला सरसावतो, घोडा अडखळतो, स्वार खाली पडतो आणि एका खेचरवाल्याच्या हातचा मार खातो.

या प्रसंगात दुल्सिनेया कुठेच नाही. तिला यातले काही माहीत नाही, आणि किहोतेलाही तिच्याकडून या घडीला काही नको आहे. त्याला हवी आहे तिऱ्हाइतांची कबुली. आज दोन नटांचे किंवा दोन क्रिकेटपटूंचे चाहते रात्र-रात्र एकमेकांवर तुटून पडतात तेव्हाही मागणी हीच असते. आपला माणूस थोर आहे हे त्यांना स्वतःला पटलेले असते, तेवढ्याने भागत नाही. ते दुसऱ्याने मान्य केले पाहिजे. ज्याच्यासाठी भांडण चालले आहे त्याची त्यात गरज नसते.

'दुल्सिनेया' म्हणजे शेजारच्या गावातली आल्दोन्सा लोरेन्सो, धिप्पाड अंगाची आणि खणखणीत आवाजाची शेतकरी मुलगी, हे किहोतेला ठाऊक आहे. त्याचा सेवक सांचो तिचे वर्णन करतो तेव्हा तो ते नाकारत नाही. ती तशी आहे असे मी मानतो, एवढे मला पुरे, असे त्याचे म्हणणे. म्हणजे माहिती त्याच्यापाशी होती आणि तिने काही बिघडले नाही. १९५६मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी दूरचित्रवाणीवरच्या व्यक्तींशी प्रेक्षकांचे जडणारे एकतर्फी नाते नोंदवले. त्यानंतर चाहत्यांबद्दल बोलताना 'बिचाऱ्यांना हे नाते एकतर्फी आहे हे कळत नाही' असा सूर लागला. मला वाटते, चाहत्याला ते चांगले कळते. परतफेडीची आशा नसताना देत राहणे हीच त्याची प्रतिष्ठा असते. व्यापाऱ्याने चित्र मागितले तेव्हा किहोतेला राग येतो तो याच प्रतिष्ठेला हात लागला म्हणून.

२. खर्चातून घडलेली व्यक्ती

दुसरी पायरी स्कॉट फिट्झजेराल्डने १९२५मध्ये 'द ग्रेट गॅट्सबी'त दाखवली. नॉर्थ डकोटातला एक गरीब मुलगा नाव बदलतो, पैसा मिळवतो आणि जुनी प्रेयसी डेझी हिच्या घरासमोर, खाडीच्या दुसऱ्या काठावर, महाल विकत घेतो. ती कधीतरी येईल म्हणून दर आठवड्याला मेजवान्या देतो. ही कादंबरी अमर प्रेमाची गोष्ट म्हणून वाचली जाते, पण न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलातल्या खोलीत काय होते ते नीट पाहावे. भर उन्हाळ्याची दुपार आहे, समोर डेझीचा नवरा टॉम आहे. डेझी गॅट्सबीला सांगते की आता माझे तुझ्यावर प्रेम आहे. कुणाही प्रियकराला याहून जास्त काय हवे? गॅट्सबीला ते पुरत नाही. टॉमवर आपले कधीच प्रेम नव्हते असे तिने बोलून दाखवावे, मधली पाच वर्षे पुसून टाकावीत, असा त्याचा हट्ट आहे. डेझी प्रयत्न करते आणि मग कोलमडते, कारण ते खरे नसते. तिने एकेकाळी टॉमवरही प्रेम केले होते.

ती पाच वर्षे तिची होती. त्यांत तिचे लग्न झाले, मूल झाले. गॅट्सबीला त्यांवर हक्क सांगावासा वाटतो, कारण त्याच पाच वर्षांत त्याने स्वतःला खर्ची घातले आहे. खऱ्या डेझीच्या आयुष्याला त्याच्या हिशेबात जागाच नाही.

यापेक्षाही उघडे उदाहरण डिकन्सने दिले आहे आणि ते चाहत्यांच्या संदर्भात फारसे कुणी आठवत नाही याचे मला आश्चर्य वाटते. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' १८६० ते ६१ या काळात साप्ताहिकात क्रमशः आली. पिप नावाच्या लोहाराघरच्या पोराला अज्ञात दात्याकडून पैसा मिळतो, तो लंडनमध्ये साहेब होतो. एका वादळी रात्री जिना चढून एक रापलेला म्हातारा येतो. लहानपणी पिपने ज्याला भीतीपोटी खाऊ-पिऊ घातले होते तो कैदी मॅग्विच. ऑस्ट्रेलियात हद्दपारीची शिक्षा भोगताना मेंढ्या पाळून, हाल काढून त्याने मिळवलेली पै न् पै पिपसाठी पाठवलेली असते. आता तो पिपच्या बोटातली अंगठी न्याहाळतो, खिशातले घड्याळ काढून पाहतो, कपाटातल्या पुस्तकांकडे बोट दाखवून परक्या भाषेतले काहीतरी वाचून दाखवायला सांगतो. त्याला त्यातले अक्षर कळत नाही आणि तो आनंदाने थरथरतो. तिकडे वसाहतीत घोड्यावरून जाणारे गोरे साहेब अंगावर धूळ उडवायचे तेव्हा तो मनात म्हणायचा, मी साहेब नसेन, पण एका साहेबाचा मालक आहे.

'आम्ही तुला मोठं केलं' या वाक्याचा उगम इथे आहे. मॅग्विचचे प्रेम खोटे नाही. त्याने खरोखर पोटाला चिमटा काढला आहे. आणि तरीही ते प्रेम पिपला अंगावर आलेल्या श्वापदासारखे वाटते, कारण आपण कुणाच्या तरी हातची वस्तू आहोत हे त्याला त्या रात्री कळते. ज्या एस्टेलावर त्याचे प्रेम आहे तिच्या बाबतीत स्वतः पिपही तेच करत आला आहे, हे डिकन्सचे मोठेपण.

३. वसुली

मालकी आली की वसुली येते. आर्थर कॉनन डॉइलने डिसेंबर १८९३मध्ये शेरलॉक होम्सला रायशेनबाखच्या धबधब्यात मारले तेव्हा वाचकांनी 'स्ट्रँड' मासिकावर आणि लेखकावर संतापाची पत्रे लिहिली. निर्माता तो होता, कंटाळला तो होता, पण होम्स आता त्याचा उरला नव्हता. दहा वर्षांनी, १९०३मध्ये, त्याला होम्स जिवंत करावा लागला. स्टीफन किंगच्या १९८७च्या 'मिझरी'त हीच गोष्ट टोकाला जाते. नायिकेला मारले म्हणून लेखकाची 'सर्वांत मोठी चाहती' त्याला कोंडून ठेवते, त्याचे नवे हस्तलिखित त्याच्याच हातांनी जाळायला लावते आणि जुनी नायिका परत आणणारी कादंबरी लिहून घेते. किंगची ॲनी विल्क्स वेडी आहे, खुनी आहे. पण तिचा युक्तिवाद वेडा नाही, तो होम्सच्या वाचकांचाच आहे. तो तिने कुऱ्हाडीपर्यंत नेला एवढेच.

प्रत्यक्षातही पूजा आणि हिंसा या दोन टोकांमधले अंतर फार थोडे असते. ८ डिसेंबर १९८० रोजी जॉन लेननला गोळ्या घालणाऱ्या माणसाने त्याच दिवशी काही तासांपूर्वी त्याच्याकडून ध्वनिमुद्रिकेवर सही घेतली होती.

अशी टोके अपवादात्मक असतात म्हणून सोडून देऊ. वानखेडेचे काय? मार्च २००६मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर एक धाव काढून परतला तेव्हा त्याच्या घरच्या मैदानाने त्याची हुर्यो उडवली. १६ नोव्हेंबर २०१३ला त्याच मैदानाने त्याला निरोप देताना डोळे पुसले. लोक याला मुंबईकरांचा चंचलपणा म्हणतात. मला त्यात पूर्ण सातत्य दिसते. २००६मध्ये आमची वस्तू नीट चालेना म्हणून तक्रार होती आणि २०१३मध्ये आमची वस्तू आमच्यापासून जात होती. एप्रिल २०२४मध्ये हार्दिक पंड्या मुंबई इंडियन्सचा कर्णधार म्हणून वानखेडेवर उतरला तेव्हाही हुर्यो झाली. रोहित शर्माला कर्णधारपदावरून हटवण्याचा निर्णय संघाच्या मालकांचा होता आणि राग मैदानावरच्या खेळाडूवर निघाला. २००७च्या विश्वचषकात भारत बांगलादेशाकडून हरला तेव्हा रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर जमाव चालून गेला. ही माणसे क्रिकेटची वैरी नव्हती, चाहतीच होती.

४. हिशेब छापील कसा झाला

इथवरची वृत्ती जुनी आहे. नवे काय असेल तर ते असे की मनातला हिशेब आता उद्योगाने उघडपणे छापून दिला आहे. जपानमध्ये २००५ साली सुरू झालेल्या एकेबी-४८ या मुलींच्या गायनगटाने २००९पासून आपल्याच गायिकांची निवडणूक घेतली. नव्या सीडीसोबत मतपत्रिका मिळे, जितक्या सीडी घ्याल तितकी मते. चाहते एकाच गाण्याच्या सीडी खोक्यांनी घेत, कारण गाणे एकदाच ऐकायचे असले तरी आपली मुलगी वरच्या क्रमांकावर आली पाहिजे. खर्चाचे रूपांतर हक्कात कसे होते हे यापेक्षा स्वच्छ दाखवणे कठीण आहे. अशा गटांत प्रेमसंबंध ठेवायचे नाहीत हा दंडक त्याच हिशेबाचा भाग असतो. २०१३मध्ये या गटातली मिनामी मिनेगिशी एका तरुणाच्या घरी रात्रभर राहिल्याचे छापून आले आणि ती डोके भादरून, रडत माफी मागत असतानाची चित्रफीत प्रसिद्ध झाली.

दक्षिण कोरियात फेब्रुवारी २०२४च्या अखेरीस एस्पा गटातल्या करीनाचे एका अभिनेत्याशी नाते असल्याची बातमी आली. तिच्या कंपनीच्या इमारतीसमोर विजेच्या पाटीचा ट्रक येऊन उभा राहिला. चाहत्यांनी दिलेले प्रेम तुला पुरले नाही का, असा त्यावर सवाल होता, आणि माफी मागितली नाहीस तर अल्बमचा खप घटेल, कार्यक्रमांतल्या खुर्च्या रिकाम्या दिसतील, अशी तंबी होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात करीनाने स्वहस्ते लिहिलेले माफीपत्र प्रसिद्ध केले. तेवीस वर्षांच्या मुलीने प्रेमात पडल्याबद्दल माफी मागितली, आणि एप्रिलमध्ये ते नाते संपल्याची बातमीही आली. त्या ट्रकवर प्रेम आणि खप एकाच पाटीवर आले होते, आणि चाहत्यांना त्यात काही विसंगत वाटले नव्हते. त्यांनी ते व्याकरण शिकले होते ते विकणाऱ्यांकडूनच. गाणे अमुक वेळा वाजवा, अमुक तासांत अमुक आकडा गाठा, मत द्या. श्रम करायला लावायचे आणि त्या श्रमांना प्रेम म्हणायचे, हा या धंद्याचा गाभा आहे. चाहत्याला फसवून नट विकला जात नाही. त्याला त्याचाच त्याग परत विकला जातो.

५. तीन आक्षेप

पहिला आक्षेप मराठी वाचक हमखास घेईल. भक्ती ही तर आपली परंपरा, मग वारकऱ्यालाही याच पंक्तीत बसवणार का? नाही. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते, तुकोबा त्याच्याशी कडाकडा भांडतात, हक्क तेही सांगतात, हे खरे. पण तिथे भक्ताचा खर्च त्याच्या नावे जमा होत नाही. वारीत चालणारा माणूस शेजारच्या वारकऱ्याच्या पाया पडतो आणि तोही याच्या पडतो. किती वाऱ्या झाल्या यावर कुणाची पायरी ठरू नये असा त्या वाटेचा आग्रह आहे. चाहत्यांच्या जगात नेमके उलटे असते. 'मी पहिल्या चित्रपटापासूनचा' हा तिथला मान असतो आणि नवा आलेला तो उपरा. शिवाय पांडुरंगाला लग्न करायचे नसते, संघ बदलायचा नसतो, म्हातारे व्हायचे नसते. हाडामांसाच्या माणसाला मखरात बसवले की त्याच्या प्रत्येक हालचालीने मखर मोडते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : चाहत्यांची ही निंदा म्हणजे शिकल्यासवरलेल्यांनी कष्टकऱ्यांच्या आनंदाला मुरडलेले नाक नाही का? कटआउटवर दूध ओतणाऱ्या पोरांबद्दल आपल्याकडे ज्या स्वरात लिहिले जाते तो मलाही टोचतो. चित्रपट-अभ्यासक एस. व्ही. श्रीनिवास यांनी तेलुगू नट चिरंजीवीच्या चाहत्यांवर लिहिताना दाखवले आहे की हे चाहते भोळे नसतात. नटाकडून काय अपेक्षित आहे याच्या त्यांच्या ठाम मागण्या असतात आणि त्या पुऱ्या झाल्या नाहीत तर ते उघड नाराज होतात. हे माझ्या म्हणण्याच्या बाजूचेच आहे. पण वर्गाचा मुद्दा कादंबऱ्यांनीच निकालात काढला आहे. किहोते हा पुस्तकांत बुडालेला खानदानी गृहस्थ आहे. प्रूस्तचा स्वान तर पॅरिसच्या उच्चभ्रू वर्तुळातला कलेचा जाणकार. ओदेत नावाच्या स्त्रीत त्याला बॉटिचेल्लीच्या चित्रातला चेहरा दिसला म्हणून तो तिच्यात अडकला आणि वर्षे वाया गेल्यावर ही आपल्या पसंतीची बाईच नव्हती हे त्याला उमगले. ग्रंथालयात जन्मलेले वेड चित्रपटगृहातल्या वेडापेक्षा सोज्वळ असते असे मानायला काही आधार नाही.

तिसरा आक्षेप असा की चाहते चांगली कामेही करतात. करतात. ऑक्टोबर २०२१मध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार गेले, त्यांचे नेत्रदान झाले आणि पाठोपाठ कर्नाटकात नेत्रदानाचे अर्ज भरायला रीघ लागली. मी याला अपवाद मानत नाही. उलट यातून फरक नेमका दिसतो. दिलेले डोळे एका अनोळखी माणसाकडे जातात. त्यांच्या बदल्यात मूर्तीकडे मागता येईल असे काही उरत नाही.

६. राजकारणात हाच हिशेब

मग एक प्रश्न उरतो. भक्त मालक असेल तर राजकारणातला भक्त वसुली का करत नाही? नेता चुकला तरी तो त्यालाच का चिकटून राहतो?

बाबासाहेब आंबेडकरांनी १८ जानेवारी १९४३ला पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात, रानड्यांच्या जयंतीनिमित्त बोलताना, विभूतिपूजेचे दोन प्रकार वेगळे केले होते. थोर माणसाबद्दल अपार आदर वाटणे हा एक. त्याची आज्ञा बिनशर्त मानणे हा दुसरा. पहिल्यात त्यांना वावगे दिसले नाही, दुसरा त्यांनी घातक ठरवला. २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत त्यांनी तोच धागा पुढे नेला आणि राजकारणातली भक्ती अधोगतीकडे व शेवटी हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला. यात मी एवढेच जोडेन की दुसऱ्या प्रकारात खर्च फार मोठा असतो. नटासाठी वाया गेलेली संध्याकाळ विसरता येते. नेत्यासाठी तोडलेली मैत्री, भावाशी धरलेला अबोला, खाल्लेला मार, दुसऱ्याला मारलेला मार हे विसरता येत नाही. नेता चुकला असे मानले तर हा सगळा खर्च बुडीत खात्यात जातो. तेवढे नुकसान सोसण्यापेक्षा जग खोटे आहे असे मानणे स्वस्त पडते.

सेर्व्हांतेसने हेही लिहून ठेवले आहे. १६१५च्या दुसऱ्या भागात सांचो गाढवांवरून येणाऱ्या तीन खेडवळ मुलींकडे बोट दाखवून सांगतो, ही बघा दुल्सिनेया आली. किहोतेला त्या दिवशी भ्रम होत नाही. त्याला साध्या चेहऱ्याची मुलगीच दिसते, तिच्या तोंडाला कच्च्या लसणाचा वास येतो तोही त्याला जाणवतो. आणि तो निष्कर्ष काढतो की दुष्ट जादूगारांनी माझ्या राणीवर चेटूक केले आहे. 'गुड्डी'ची सगळी भिस्त ज्यावर आहे ते सत्य इथे अगदी नाकासमोर आणून ठेवले होते. आजचा समर्थक नेत्याचे उघडे पडलेले बोलणे ऐकून माध्यमांचे कारस्थान म्हणतो तेव्हा तो त्याच जादूगारांना हाक मारत असतो.

७. भानावर आल्यानंतर

अखेरीस किहोते शुद्धीवर येतो. अंथरुणाला खिळलेला असताना तो आपले खरे नाव, आलोन्सो किहानो, पुन्हा धारण करतो, वीरगाथांचा धिक्कार करतो, मृत्युपत्र करायला घेतो. घरच्यांना हेच तर हवे होते. आणि सांचो, ज्याने दुल्सिनेयाच्या नावाने धन्याला फसवलेही, तो रडत म्हणतो की मालक, असे मरू नका, उठा, आपण मेंढपाळांचा वेष घेऊन रानात जाऊ, कुणी सांगावे, एखाद्या झुडपामागे दुल्सिनेया चेटूक उतरलेली सापडेलही.

किहोतेने कबूल केलेले बेटाचे राज्य सांचोला आता नको आहे. त्याला हवी आहे ती सोबत. दोन भाग, शेकडो पाने, एका मनाने रचलेल्या बाईच्या नावाने या दोघांनी रस्ता तुडवला, मार खाल्ला, उघड्यावर झोप काढली. चाहत्यांच्या मंडळातून किंवा पक्षाच्या शाखेतून बाहेर पडू पाहणाऱ्याला अडवतो तो हा सांचो. फ्लेक्स बांधताना शिडी धरणारा, पहिल्या खेळाच्या रात्री तिकिटाच्या रांगेत सोबत उभा राहिलेला, मोर्च्यात पाण्याची बाटली पुढे करणारा. मूर्तीबद्दलचा भ्रम फिटल्यावरही कित्येक माणसे तिथेच राहतात ती याच्यासाठी. म्हणून वेड उतरवायला निघालेल्यांनी मूर्तीचे दोष मोजून दाखवण्यात शक्ती घालवू नये असे मला वाटते. ते दोष आत बसलेल्याला बहुधा आपल्याआधीच माहीत असतात. बाहेर आल्यावर त्याच्यासोबत कोण चालणार, याचे उत्तर मात्र त्याच्याकडे नसते, आणि बरेचदा आपल्याकडेही नसते.